हात लावू नये

सईचा फोन आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. फेब्रुवारीतला रविवार होता, आणि रविवारी आमच्याकडे पोहे असतात हे तिला लहानपणापासून माहीत. ‘‘मावशी,’’ ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, ‘‘आई गेली.’’ सईची आणि माझी ओळख ती बारा वर्षांची असल्यापासूनची. मी मराठीत बोलायचं आणि तिनं तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा न बोलता ठरलेला करार. बारा वर्षांत तो तिनं कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. मी काय बोलले मला आठवत नाही. फोन ठेवला, शेगडी बंद केली आणि स्लिपर घालून, पावसात, छत्रीशिवाय बाहेर गाडीपाशी गेले. गाडीच्या पुढच्या बंपरसमोर उकिडवी बसले. अविनाश, माझा नवरा, खिडकीतून हाका मारत होता. त्याला वाटलं, मला चक्कर आली.

चक्कर आली नव्हती. मी फक्त खूण जागेवर आहे का ते बघत होते. बंपरच्या डाव्या बाजूला, करड्या पडलेल्या प्लास्टिकवर, हळदीची चार बोटं आणि तळव्याचा थोडासा भाग. कुंदाताईचा, सईच्या आईचा, हात. गेल्या दसऱ्याला उमटलेला. पावसानं त्याला काही होत नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं. हळद प्लास्टिकमध्ये उतरली की पाण्याला दाद देत नाही. ती जाते फक्त उन्हानं. आणि बाहेर पाऊस असला तरी कॅलेंडर उन्हाळ्याकडे सरकत होतं…

कुंदाताई मूळची नागपूरची. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात तिनं पंधरा वर्षं केमिस्ट्री शिकवली. नवऱ्याच्या, म्हणजे प्रकाशरावांच्या, आयटीतल्या नोकरीपायी चौदा वर्षांपूर्वी ती इथं, आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनला आली, आणि इथं येऊन तिनं जे काम केलं ते ऐकून भारतातले नातेवाईक आधी गप्प बसत आणि मग विषय बदलत. ती लोकांच्या गाड्यांचे पांढरे पडलेले बंपर पुन्हा काळे करून द्यायची. बंपरच नव्हे, चाकांवरच्या कमानींची काळी किनार, दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या बुडाशी असलेलं प्लास्टिक, वायपरखालची जाळी… गाडीच्या अंगावर जे जे रंग न दिलेलं काळं प्लास्टिक असतं, जे शोरूममधून येताना कोळशासारखं असतं आणि पाच-सहा वर्षांत राखेसारखं होतं, ते सगळं तिच्या अखत्यारीतलं. रंगाच्या पत्र्याकडे ती ढुंकून बघायची नाही. ‘‘तिकडे बघायला जग आहे,’’ म्हणायची.

आमची ओळख माझ्या गाढवपणामुळे झाली. आम्ही नवे होतो, गाडी जुनी होती. पहिलाच दसरा. गाडीची पूजा करायची म्हणून मी आदल्या दिवशी ती धुतली, तर पत्रा चकचकीत आणि बंपर म्हाताऱ्या हत्तीच्या पाठीसारखा. मला ते सहन होईना. मी पुण्याची, आणि सॉफ्टवेअर तपासणं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं, हा माझा पगारी धंदा. मी घरातून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि बंपरला डोक्याला चोळतात तसं चोळलं. काय सांगू! दहा मिनिटांत नवा कोरा. मी अविनाशला बोलावून दाखवलं, फोटो काढून आईला पाठवला. दसऱ्याच्या सकाळी त्याच तेलकट बंपरवर हळदकुंकू लावलं. इथं गाडीवर स्वस्तिक काढायचं नाही इतकी अक्कल होती, म्हणून चांगलं मोठं, ठसठशीत ‘श्री’ काढलं. हार घातला, नारळ फोडला, सोसायटीतल्या आयरिश पोरांना खोबरं वाटलं.

चार दिवसांच्या पावसात तेल उतरलं. त्याला रस्त्याची धूळ चिकटून बंपरवर काळपट ओघळ आले, आणि मधोमध ते ‘श्री’ मात्र पिवळंजर्द, जणू आतून उगवलेलं. मी भांडी घासायची तारेची घासणी घेतली आणि तुटून पडले. अर्ध्या तासात ‘श्री’ होतं तिथंच होतं, फक्त त्याच्याभोवती पांढऱ्या ओरखड्यांची प्रभावळ तयार झाली. तेवढ्यात स्टेशनकडे निघालेली एक ठेंगणी, गळ्यात मफलर गुंडाळलेली बाई फुटपाथवर थांबली.

‘‘थांबा, थांबा! काय करून राहिल्या?’’

मराठी ऐकून मी घासणी खाली ठेवली. ती जवळ आली, चष्मा कपाळावर चढवून वाकली आणि बंपरचा वास घेतला. ‘‘खोबरेल?’’ मी मान डोलावली. ‘‘त्याच्यावर हळद?’’ मी पुन्हा मान डोलावली. ‘‘आणि आता तार. काय बापा! एवढं तर माझ्या अकरावीच्या पोरांनीसुद्धा नाही केलं.’’ मला राग आला. मी म्हटलं, ‘‘मग आता काय करायचं ते तरी सांगा.’’ तर म्हणाली, ‘‘काही नाही. हळदीला हात लावायचा नाही. उन्हात ठेवायची. हळद उन्हाला भिते.’’ मी वर पाहिलं. आभाळ ओल्या गोधडीसारखं खाली आलेलं. ‘‘ऊन? आयर्लंडमध्ये?’’ ‘‘अहो, बंपर पांढरा कशानं झाला मग? ढगाआडून येतंच ते. त्याला वेळ द्या. तुमचा हात फार जड आहे.’’ एवढं बोलून ती निघाली, तिची ट्रेन चुकली होती. पुढच्या शनिवारी बादली घेऊन आली आणि ते ‘श्री’ फिकट होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघून जात राहिली. फेब्रुवारीत ‘अहो’चं ‘अगं’ झालं. एप्रिलअखेर ‘श्री’ गेलं, कुंदाताई राहिली.

तिची कामाची पद्धत तिच्या प्रॅक्टिकलसारखी. आधी निरीक्षण. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा, हात पाठीमागे. मग बंपरवर पाण्याचा एक थेंब टाकायची. थेंब पसरला, आत मुरला, तर प्लास्टिक उघडं. ‘‘तहान लागलीय बिचाऱ्याला,’’ म्हणायची. मग साबणाचं पाणी आणि टूथब्रश. आमच्या गल्लीतला एकही जुना टूथब्रश कचऱ्यात जात नसे, सगळे कुंदाताईकडे. कोणी गाडीला पॉलिश करताना ते प्लास्टिकवर सांडलेलं असे, वाळून चुन्यासारखं खाचांत बसलेलं. ते ती एकेका खाचेतून काढायची, तासन्‌तास, गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन. मग स्पिरिटनं पुसायचं, सगळा तेलकटपणा जाईपर्यंत. आणि अगदी शेवटी ते बाटलीतलं काळं कोटिंग, ज्याला ती ‘औषध’ म्हणायची. चिंधीवर चार थेंब घेऊन, एका दिशेनं, पातळ. बारा वर्षं तिच्या तोंडून एकच वाक्य ऐकत आले, ‘‘आधी पुसायचं, मग लावायचं. मळावर औषध लावलं की एक तर ते धरत नाही, आणि धरलं तर मळ कायमचा होतो.’’

शॉर्टकटवाल्यांशी तिचं वैर होतं. अविनाशनं एकदा व्हिडिओ बघून हीट गन आणली. गरम हवा मारली की प्लास्टिकच्या आतलं तेल वर येतं आणि बंपर डोळ्यांदेखत काळा होतो. झालाही. अविनाश इतका खूश झाला, की एका कोपऱ्यावर जरा जास्तच रेंगाळला आणि तो कोपरा पापडासारखा वर आला. कुंदाताई बघायला आली, तर हसूच आवरेना तिला. ‘‘अविनाशराव, उजवा पण असाच करून टाका, जोडी जमेल.’’ तो कोपरा अजून तसाच आहे. आमची गाडी पार्किंगमध्ये लांबून ओळखू येते ती त्यामुळेच.

काम चालू असलेल्या भागाभोवती ती निळी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर मार्करनं लिहायची, ‘हात लावू नये’. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटांवर लिहायची सवय होती, ती इथंही तशीच. मराठीत, मग समोरचा माणूस लिमरिकचा असो की लकनचा. मी म्हटलं, ‘‘अगं, इंग्रजीत लिही, कोणाला कळणार?’’ ‘‘पट्टी दिसते ना? मग कळतं.’’ आमचा शेजारी डेक्लन, बस चालवून निवृत्त झालेला, त्याच्या जुन्या गाडीच्या कमानी तिनं करून दिल्या आणि पट्टी उद्या काढ असं सांगायचं विसरून ती कोणाच्या तरी डोहाळजेवणाला गेली. आठवडाभर तो निळ्या पट्ट्यांसकट गावभर हिंडला. रविवारी चर्चलाही तसाच गेला. मी विचारलं, पट्ट्या का नाही काढल्या, तर ओशाळून म्हणाला, मला वाटलं तुमची काही तरी प्रार्थना आहे, काढणं बरं दिसलं नसतं. कुंदाताईला हे सांगितलं तेव्हा ती चहा सांडेपर्यंत हसली. पण पट्टीवर मराठीत लिहिणं काही सोडलं नाही.

माझ्या त्या पहिल्या दसऱ्याचा धसका तिनं सगळ्या ॲडम्सटाउनसाठी घेतला. प्लास्टिकला हळदीचं बोट लावायचं नाही, असा फतवाच काढला. मग लोक म्हणायला लागले, पूजा करायची तरी कशी? तर खंडेनवमीपासूनच ही बाई निळ्या पट्टीचं भेंडोळं घेऊन दारोदार. प्रत्येक गाडीच्या बंपरवर हातभर लांबीची पट्टी चिकटवायची आणि म्हणायची, ‘‘ह्याच्यावर काय हवं ते काढा. संध्याकाळी सोलून टाका. देवालाही चालतं, गाडीलाही.’’ आमच्या इथली आयरिश मंडळी समजतात, दसऱ्याला गाडीला निळी पट्टी लावणं ही भारताची फार प्राचीन परंपरा आहे. मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

एकदा आम्ही दोघी ट्रलीला गेलो. तिथल्या एका मराठी डॉक्टरबाईची गाडी वर्षानुवर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहून पार पांढरी झाली होती. जाताना चार तास, येताना चार तास. परतीच्या वाटेवर मी आपलं शहाणपण पाजळलं. म्हटलं, कुंदाताई, तुझं पण ह्या बंपरसारखंच झालं नाही का? इथं आलीस, परवानगी नाही म्हणून नोकरी नाही, पंधरा वर्षांचं शिकवणं धूळ खात पडलं… ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, ‘‘मंजू, माणसाची आणि बंपरची तुलना करू नये. बंपरला कंटाळा येत नाही.’’ मग बऱ्याच वेळानं, मी विसरूनही गेले होते, तेव्हा म्हणाली, ‘‘पहिल्या वर्षी एक फॉर्म भरत होते. तिथं व्यवसाय म्हणून रकाना होता. काय लिहावं कळेना. प्रकाश म्हणाला, डिपेंडंट लिही. लिहिलं. रडले नाही मी. पण त्या दिवशी घरातली सगळी भांडी काढून घासली, घासलेलीच.’’ मग पेट्रोल पंपावर थांबून आम्ही चहा घेतला आणि तिनं शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्याच्या बंपरबद्दल पाच मिनिटं सांगितलं. तो ऐकत होता. विद्यार्थी मिळाला की तिचा आवाज एक पट्टी वर चढायचा. कुंदाताईच्या आयुष्यात काय राहिलं आणि काय मिळालं याचा विचार करताना मला नेहमी तो पंप आठवतो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात आजार निघाला. केमो, मग थोडे बरे दिवस, मग पुन्हा. कामं तिनं एकेक करून बंद केली, कारण वासानं मळमळायचं. माझ्या बंपरचं औषध मागच्या उन्हाळ्यातच संपत आलं होतं. दोन वर्षांनी ते नव्यानं द्यावं लागतं. प्लास्टिक पुन्हा करडं दिसायला लागलं. मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नव्हते आणि तिला सांगणार नव्हते. पण तिनंच सप्टेंबरात फोन केला. ‘‘तुझ्या बंपरचं राहिलंय. ह्या आठवड्यात येऊ का?’’ मी म्हटलं, ‘‘तू काही करू नकोस ह्या वर्षी. आराम कर. बंपरचं पुढच्या वर्षी बघू.’’ ती म्हणाली, ‘‘बरं.’’ माझ्या मते मी फार समजूतदारपणे वागले होते. ती गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी, प्रकाशरावांनी सांगितलं की त्या रात्री ती जेवली नाही. म्हणाली, मंजूनंसुद्धा मला रिटायर केलं. मला वाटतं हे वाक्य आता माझ्याबरोबरच जाईल. ती हयात असताना कळलं असतं तर मी तिला आणायला गेले असते, खुर्ची मांडून तिथं बसवलं असतं आणि तिच्या हुकुमाखाली स्वतः घासलं असतं. पण कळलं नाही. तिनं कळू दिलं नाही.

दसऱ्याला मात्र ती न सांगता आली. डोक्याला रुमाल, अंगात दोन स्वेटर, हातात भेंडोळं. दोन गल्ल्या चालत. मी ओरडले तर म्हणाली, ‘‘तू नको म्हणालीस ते बंपरचं. पट्टीचं कुठं म्हणालीस?’’ छोट्या स्टुलावर बसून तिनं पट्टी चिकटवली, तिच्यावर स्वतःच्या हातानं ‘श्री’ काढलं. वेलांटी अजून सुबक. निरांजन ओवाळलं, त्यातलं तूप बोटांवर सांडलं. मग उठताना तोल गेला असावा. तिनं हात टेकला. सरळ उघड्या बंपरवर. हळदीचा, तुपाचा, अख्खा हात.

दोघीही त्या खुणेकडे बघत राहिलो. बारा वर्षं ज्या बाईनं कोणाला बोट लावू दिलं नाही… ‘‘शेवटी तूच!’’ मी म्हटलं, आणि आम्हाला इतकं हसू आलं की तिला धाप लागली. ‘‘लिही तुझ्या रिपोर्टात,’’ ती म्हणाली. ‘‘कुंदानं बग घातला म्हणून.’’ मी फडकं आणायला वळले तर तिनं माझं मनगट धरलं. ‘‘तू घासू नकोस. तुझा हात जड आहे. पुढच्या आठवड्यात येऊन काढते मी.’’

पुढचा आठवडा आला नाही. म्हणजे आला, पण ती हॉस्पिटलात होती. मग घरी, मग पुन्हा हॉस्पिटलात. मी भेटायला जायचे तेव्हा विचारायची, ‘‘आहे का अजून?’’ मी म्हणायचे, आहे. ‘‘हिवाळ्यात राहीलच. बघू.’’ जानेवारीअखेर तिनं विचारणं थांबवलं, आणि त्यातून मला हॉस्पिटलच्या रिपोर्टांपेक्षा जास्त कळलं.

तिच्या अंत्यसंस्काराला मी म्हटलं, आम्ही मराठी पंचवीस-तीस लोक असू. स्मशानभूमीच्या हॉलमध्ये माणसं मावेनात. इथल्या रीतीप्रमाणे सगळे रांगेनं येऊन प्रकाशरावांचा आणि सईचा हात हातात घेत होते, ‘सॉरी फॉर युवर ट्रबल’ म्हणत होते. बरेच चेहरे आमच्या ओळखीचे नव्हते. मी पाय मोकळे करायला बाहेर पार्किंगमध्ये आले तेव्हा कळलं ही कोण माणसं. जुन्या गाड्या. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांच्या. पत्र्याला पोचे, दारांना गंज, एकीचा आरसा दोरीनं बांधलेला. आणि बंपर सगळ्यांचे काळे कुळकुळीत, पावसाचे थेंब त्यांवर गोल गोल उभे. मी तिथं एकटी उभी राहून मोठ्यानं रडले. एवढ्या गर्दीत फक्त माझी गाडी करडी होती.

त्यानंतर मी वेडेपणा सुरू केला. आमचा ड्राइव्हवे दक्षिणेला उघडतो. बारा वर्षं मी गाडी मागं घेत लावायचे, तोंड रस्त्याकडे. आता तोंड भिंतीकडे करून लावायला लागले, म्हणजे बंपर दिवसभर सावलीत. अविनाश वैतागला, रोज सकाळी उलटी गाडी रस्त्यावर काढायची, पोरं सायकलवर असतात. मी म्हटलं, काढ. ढगाळ दिवस असला की मला बरं वाटायचं. मार्चमध्ये सगळं आयर्लंड, ‘छान दिवस आहे नाही?’ म्हणत जॅकेट काढून फिरत होतं आणि मी उन्हाला शिव्या देत होते. तरी करंगळी पुसट झालीच. एक दिवस न राहवून माझ्याकडची तिची अर्धी बाटली काढली. औषधात ऊन अडवायची ताकद असते. खुणेवरून एक पातळ हात दिला की ती कायमची राहील, असा माझा हिशेब. चिंधीवर थेंब घेतले, वाकले, आणि आठवलं: आधी स्पिरिटनं पुसायचं. न पुसता लावलं तर त्या तुपावर औषध धरणार नाही, सालपटासारखं निघेल आणि खूण घेऊन निघेल. पुसून लावलं तर खूणच नाही. म्हणजे ती जपायची तर आधी पुसायला हवी… चिंधी हातातच वाळून कडक झाली.

ईस्टरच्या सुट्टीत सई आली. ती रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहे, आईच्याच वळणावर गेली. येताना आईची पेटी घेऊन आली: टूथब्रश, उशी, निळी भेंडोळी. ‘‘युअर बंपर,’’ म्हणाली. ‘‘शी नेव्हर गॉट टु इट.’’ मी तिला खूण दाखवली. तिला माहीत नव्हतं. ती बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिली. मी माझी अडचण सांगितली. म्हटलं, तू केमिस्ट आहेस, न पुसता वरून लावता येईल असं काही नाही का? तिनं मान हलवली. ‘‘शी’ड किल यू, मावशी. यू कान्ट सील ओव्हर डर्ट.’’

‘‘ती घाण नाही!’’ मी ओरडले. समोरचा डेक्लन कुंपणावरून बघायला लागला इतक्या जोरात.

सईचे डोळे भरले, माझे आधीच भरलेले. मग तिनं बाही वर केली, पेटीतून भेंडोळं काढलं आणि त्या खुणेभोवती चारी बाजूंनी पट्टी लावली, चौकट केल्यासारखी. बाकीचा बंपर तिनं धुतला, घासला, पुसला. थेंब टाकून बघितला, हात पाठीमागे घेऊन. मला म्हणाली नाही, पण मी समजले की खूण तशीच ठेवायची, उघडी. तिचं काय व्हायचं ते तिचं तिला होऊ द्यायचं. दुपारभर काम चाललं. मी दोनदा चहा दिला आणि घासणीला हात लावला नाही. शेवटचा कोपरा, अविनाशनं पापड केलेला, तोही तिनं काळा केला. पाण्याचा थेंब टाकला. गोल उभा राहिला. मग तिनं मार्कर घेतला आणि पट्टीवर, दुसरीतल्या मुलासारख्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत, जीभ दातांत धरून लिहिलं: हात लावू नये.

ती आत हात धुवायला गेली तेव्हा मी किल्ली घेतली. गाडी बाहेर काढली, वळवली आणि मागं घेत लावली, पूर्वीसारखी, तोंड दक्षिणेला. कुंदाताई येऊन काढते म्हणाली होती. तिचं एवढं एक काम राहिलं होतं, आणि ते मी अडवून बसले होते. हळद कशानं जाते ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझा हात जड आहे, उन्हाचा नाही.

डेक्लन आला, पट्टीवरची अक्षरं बघत उभा राहिला. ‘‘हे माझ्या गाडीवर होतं तेच ना?’’ मी म्हटलं, तेच. आणि इतक्या वर्षांनी त्याला अर्थ सांगितला. तो हसला नाही. खुणेकडे बघितलं, ‘‘ग्रँड,’’ म्हणाला हळूच, म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

आता सकाळी सातलाच ऊन बंपरवर येतं. काळ्याभोर पट्ट्यात तेवढा एक करडा चौकोन, त्यात फिकट पिवळं काही तरी. करंगळी गेली. अनामिका शोधावी लागते. पट्टीच्या कडा सुटायला लागल्यात, त्या मी दाबून बसवते. मग चहाचा कप बॉनेटवर ठेवून खाली वाकते, माझा तळवा त्या खुणेसमोर धरते, मधे दोन बोटांचं अंतर ठेवून, आणि थोडा वेळ तशीच राहते. हात लावत नाही.